आजचं चिंतन (गीता 17.15) : पाणी झाडाला, ओल गवताला



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला पंधरावा. कालच्या श्लोकात शरीराचं तप होतं, आज वाणीचं आहे. भगवंत म्हणतात, बोलणं असं असावं की समोरच्याचं मन त्याने खवळू नये, ते खरं असावं, ऐकायला गोड असावं आणि हिताचं असावं. शिवाय स्वाध्यायाचा अभ्यास चालू असावा. हे सगळं मिळून वाणीचं तप.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या अटींमध्ये कुठेही 'किंवा' नाही, सगळीकडे 'आणि' आहे. चारातली एक जरी खोटी ठरली तरी उत्तर खोटं. आणि नेमकं इथेच आपण सगळे पळवाट काढतो. एक जण म्हणतो, मी बाबा स्पष्टवक्ता, खरं ते तोंडावर बोलतो. म्हणजे त्याने 'सत्य' ठेवलं आणि बाकी तीन सोडून दिली. दुसरा म्हणतो, कशाला कुणाला दुखवायचं. त्याने 'प्रिय' ठेवलं आणि सत्य खुंटीला टांगलं. दोघांनाही वाटतं आपण सज्जन आहोत. तप मात्र दोघांपैकी कुणीच केलेलं नाही.

हा श्लोक गणपतीच्या तोंडावर वाट्याला आला याचं मला थोडं हसू आलं. कारण 2025 मध्ये 27 ऑगस्टला गणपती होते आणि माझं गाव जोहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पनवेलहून दिवा–रोहा गाडीने निघालं की पेणच्या अलीकडे हमरापूर लागतं. तिथून जवळच जोहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. 'कारखाना' म्हटल्यावर शहरातल्या मित्रांना धुराडं दिसतं. आमच्याकडे कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड, त्यात फळ्यांवर ओळीने बसलेले पांढरे गणपती, एका कोपऱ्यात रबरी साचे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात डोळ्यांची आखणी करणारा एखादा कारागीर, ज्याच्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही. विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं. तुमच्या घरी जो दीड दिवस किंवा दहा दिवस पाहुणा असतो तो आमच्याकडे वर्षभर मुक्कामाला असतो.

आता वाद. तो तुम्ही फोनवर पाहिलाच असेल: शाडू की पीओपी. मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित सूचना काढून पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. कोरोनामुळे ती वर्षभर पुढे ढकलली. मग अंमलबजावणी होणार, नाही होणार, असं चालू राहिलं. 2025 मध्ये 30 जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सूचना काटेकोर पाळा असं सांगितलं. तोपर्यंत कारखान्यांमधून हजारो मूर्ती साच्यातून निघालेल्या. मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने अभ्यास केला आणि 9 जूनला न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. 24 जुलैला ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. जानेवारी ते जून हे पाच महिने माझ्या काकांनी कसे काढले ते मी लिहीत नाही. कच्च्या मूर्तींनी शेड भरलेली, मालासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता चालू, आणि मूर्ती विकायला परवानगी मिळणार की नाही हे माहीत नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

याच महिन्यांत फोनवर काय चाललं होतं? एका बाजूला 'समुद्र मारून पोट भरणारे लोक'. दुसऱ्या बाजूला 'फक्त आमचेच सण दिसतात का, कारखान्यांचं सांडपाणी दिसत नाही का'. ठाण्याचा कुणीतरी नाशिकच्या कुणाला तरी देशद्रोही म्हणतोय, तो याला अंधभक्त म्हणतोय. दोघांनी जन्मात कधी साचा हातात धरलेला नाही. मला राजकारणातल्या कुठल्याच बाजूबद्दल इथे बोलायचं नाही. फक्त एक नोंदवतो. दोन्हीकडच्या पहिल्या वाक्यात थोडंथोडं सत्य होतं. पीओपी पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसून राहतं, हे खरंच आहे. कारखान्यांचं सांडपाणीही खरंच आहे. पण पाचव्या वाक्यापर्यंत दोन्ही सत्यं कुठेतरी पडून राहिली होती आणि फक्त माणसं एकमेकांवर चालून जात होती.

आपल्याकडे न्यायशास्त्राने याला फार पूर्वीच नावं देऊन ठेवली आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद. फक्त जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं पाडायचं एवढंच काम, ती वितंडा. आपण मराठीत 'वितंडवाद' म्हणतो तो तिथूनच आला. गंमत अशी की दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती मोजताना सांगतात, बोलणाऱ्यांमधला वाद मी आहे. म्हणजे वाद घालणं हे पाप नाही, देवाने ते स्वतःच्या यादीत घेतलंय! "मी भक्त आहे, मी वादात पडत नाही" असं म्हणून हात झटकणाऱ्यांना ही वाट बंद आहे. जल्प आणि वितंडा मात्र त्या यादीत नाहीत.

मग अनोळखी माणसाशी, ज्याचा चेहराही दिसत नाही त्याच्याशी, वाद कसा घालायचा? मी यासाठी ज्ञानेश्वरी उघडली. या एका श्लोकावर माऊलींनी एकापाठोपाठ एक दृष्टांत दिले आहेत. ओव्या तुम्ही स्वतः वाचा, मी फक्त भाव सांगतो.

पहिला दृष्टांत परिसाचा. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्यासाठी लोखंड तोडत नाही, ठोकत नाही, वितळवत नाही. त्याचं अंग तसंच राहतं, वजन तेवढंच राहतं. माऊली म्हणतात, बोलणं तसं असावं, जवळच्याला न दुखवता सुख व्हावं. यातली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे परिसाला स्पर्श करावा लागतो. लांबून फेकलेला परीस म्हणजे नुसता दगड.

याचा अर्थ मला साच्यामुळे कळला. एका मोठ्या ग्रुपवर, जिथे मी निम्म्या लोकांना ओळखत नाही, कुणीतरी नुकत्याच आलेल्या मराठी सिनेमाची चोरटी प्रत टाकली. एकाने हटकलं. त्यावर टाकणाऱ्याचं म्हणणं: "फाइल कॉपी केली तर मूळ फाइल कमी होते का? मी कुणाच्या घरातून काय उचललं?" लगेच दहा जण तुटून पडले, चोर वगैरे. तो आणखी चढला, कारण त्याचा मुद्दा तर कुणी खोडलाच नव्हता. तांत्रिक दृष्टीने तो बरोबर आहे. कॉपीने मूळ कमी होत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, मला हे कोण सांगणार.

मी त्याला चोर म्हटलं नाही. मी त्याला आमच्याकडची गोष्ट सांगितली. एखादा मूर्तिकार नवीन मॉडेल घडवतो. मातीत. बैठक, सोंडेचा वळसा, मांडीवरच्या हाताची बोटं, चेहरा. यात महिने जातात. मग त्यावरून रबरी साचा निघतो आणि साच्यातून मूर्ती. आता दुसऱ्या कुणी त्यातली एकच मूर्ती दुकानातून पूर्ण पैसे देऊन विकत घेतली, घरी नेली आणि तिच्यावरून साचा काढला, तर पहिल्याची मूर्ती कमी झाली का? नाही. साचा त्याच्याकडेच आहे. पण दुसऱ्याला महिने घालवावे लागले नाहीत, म्हणून तो पन्नास रुपये कमी करून विकू शकतो. पुढच्या वर्षी पहिला माणूस नवीन मॉडेल का घडवेल? तोही मग कुणाचं तरी उचलेल. चारपाच वर्षांनी सगळ्या फळ्यांवर एकच गणपती बसलेला दिसेल, आणि दर साच्यागणिक त्याच्या चेहऱ्याची धार थोडी बोथट झालेली असेल.

तो "पटलं" म्हणाला नाही. तसं कुणी म्हणत नाही, अपेक्षाही करू नये. त्याने विचारलं, "पण गणपतीचं रूप तर सगळ्यांचं आहे. मग साचा कुणाचा हे ठरवणार कोण?"

काय सुंदर प्रश्न आहे बघा! देवाचं रूप सगळ्यांचं, आणि त्या विशिष्ट चेहऱ्यावरचं हसू एका माणसाच्या अंगठ्याने मातीत उमटवलेलं. सिनेमाचंही तसंच, प्रेमकथा सगळ्यांची आणि ती विशिष्ट प्रेमकथा काही माणसांच्या दोन वर्षांची. आमचं त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि शेवटपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही. पण जल्पाचा वाद झाला होता. आदल्या दहा जणांनी त्याला तोडायला पाहिलं म्हणून तो लोखंडच राहिला, असं मी म्हणणार नाही, माणसं आपल्या कारणांनी बदलतात. साच्याच्या गोष्टीत त्याला स्वतःसाठी उभं राहायला जागा होती, एवढं मात्र दिसलं.

दुसरा दृष्टांत पाण्याचा, आणि मला वाटतं हा तर आपल्या काळासाठीच ठेवलेला आहे. माऊली म्हणतात, पाणी घालायचं ते झाडाला, पण जाता जाता आजूबाजूचं गवतही जगतं. तसं एकाशी बोलावं आणि हित सगळ्यांचं व्हावं.

ज्ञानेश्वरी शके 1212 ची. तेव्हा एकाशी बोललेलं फार तर देवळात बसलेल्या लोकांनी ऐकलं असेल. आज तुम्ही एका अनोळखी माणसाला चार ओळी लिहिता आणि शेकडो लोक नुसते वाचतात. ते काही बोलत नाहीत, अंगठा दाखवत नाहीत, तुम्हाला कळतही नाही की ते आहेत. ते गवत. आपलं सगळं लक्ष झाडाकडे असतं, हा ऐकतोय का, हा हरला का. आणि तेवढ्यात आपण गवतावर उकळतं पाणी ओतत असतो.

हे मी जोह्यातच पाहिलं. माझा चुलतभाऊ बारावीला आहे. 'समुद्र मारून पोट भरणारे' हे त्याने वाचलं. त्या लिहिणाऱ्याच्या डोक्यात कुठलं तरी अमूर्त 'पीओपी लॉबी' असेल. वाचणारा मात्र संध्याकाळी शेडमध्ये बसून पॉलिश पेपरने मूर्ती घासणारा, नाकातोंडात पांढरी धूळ गेलेला सतरा वर्षांचा मुलगा होता. मला म्हणाला, "दादा, याला असा हाणतो ना." त्याने लिहून ठेवलेलं मला दाखवलं. त्यातले शब्द इथे देता येणार नाहीत.

मी म्हटलं, पाठव, पण आधी एक सांग, त्याचं कुठलं वाक्य खरं आहे? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "विरघळत नाही हे खरंय." बरं, मग तिथून सुरू कर. दोघांनी मिळून लिहिलं. पीओपी विरघळत नाही हे तुमचं बरोबर. आम्ही जोह्याचे, मूर्ती आम्हीच करतो. शाडू जड, भर पावसाळ्यात वाळत नाही, लांबच्या प्रवासात तडकते, आणि लोकांना कमी पैशात मोठी मूर्ती हवी असते, म्हणून हे वाढलं. शाडूच्या मूर्तीलाही जर रासायनिक रंग असेल तर पाण्याला तो त्रास देतोच. तुम्ही घरी लहान शाडूची मूर्ती आणणार असाल, थोडे जास्त पैसे देणार असाल, तर आम्हाला ती करायला आनंद आहे. ती कला आमच्या आजोबांची आहे. एवढंच. त्यात 'पण तुम्ही' ने सुरू होणारं एकही वाक्य नव्हतं.

त्या माणसाने हसण्याचं एक चिन्ह टाकलं आणि निघून गेला. चुलतभाऊ म्हणाला, बघ, काय उपयोग झाला? झाडाने पाणी घेतलं नाही हे खरं होतं.

थोडं विषयांतर करतो, कारण 'झाड' आणि 'गवत' हे वीज-पाण्याच्या भांडणातही मला दिसतात. मित्रांमध्ये सौरऊर्जा, धरणं, कोळसा यावर जोरदार हाणामारी चालते. "जलविद्युत म्हणजे स्वच्छ वीज" म्हणणारा एक, "स्वच्छ कसली, माणसं बुडवून केलेली" म्हणणारा दुसरा. तुमच्यापैकी अनेकांनी कोलाडला राफ्टिंग केलं असेल. कुंडलिकेत उन्हाळ्यातही ते पाणी येतं कुठून? वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे, 1927 पासूनचं. मुळशीच्या धरणातलं पाणी घाट उतरून तिथे येतं, वीज करतं आणि नदीत सुटतं, तेच पुढे रोह्याकडे जातं. आणि त्याच मुळशीत 1921 साली सेनापती बापटांनी जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. 'सेनापती' हे नाव त्यांना त्या लढ्याने दिलं. कोळसा न जाळता मुंबईला वीज मिळाली हे खरं. मावळातली गावं पाण्याखाली गेली हेही खरं. एका सत्याने दुसरं खोटं होत नाही. ज्याला दोन्ही एका वाक्यात म्हणता येतात त्याच्याशी बोलायला मला आवडतं. ज्याला एकच म्हणायचंय त्याच्याशी बोलताना मी हळूच दुसरं तिथे ठेवतो, वाचणाऱ्यांसाठी.

आता तिसरी गोष्ट, आणि ही पचायला कठीण. या दृष्टांतांच्या शेवटी माऊली काय सांगतात? की कुणी विचारलं तर असं बोलावं. आणि कुणी विचारलंच नाही तर? तर वेदांची आवृत्ती करावी, नाहीतर नाम घ्यावं. श्लोकातला 'स्वाध्याय' त्यांनी इथे आणून बसवलाय. मला आधी वाटायचं की हा शब्द इथे उगाच आलाय, बोलण्याच्या नियमांत पाठांतराचं काय काम? आता वाटतं, तो न विचारलेल्या वेळेसाठी आहे. वाणी मोकळी बसत नाही, तिला काहीतरी काम द्यावं लागतं. नाम दिलं नाही तर ती फोन उचलते.

'विचारणं' किती मोठी गोष्ट आहे हे पेणवाल्यांना वेगळं सांगायला नको. महामुंबई सेझच्या वेळी सगळा महाराष्ट्र आमच्या जमिनीबद्दल बोलत होता, विकास, विस्थापन, सगळं. मग 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांतल्या शेतकऱ्यांना सरकारने मतदान घेऊन विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी तेव्हा शिकत होतो. म्हातारी माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून मत द्यायला निघाली होती. इतकी वर्षं सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, आणि त्या दिवशी कुणीतरी त्यांनाच विचारलं होतं.

म्हणून मी हल्ली अनोळखी वादात लिहिण्याआधी दोनच गोष्टी बघतो. इथे कुणी काही विचारलंय का? आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांना कुणी विचारलंय का? दोन्हीची उत्तरं 'नाही' असतील तर माळ हातात घेतो. ऑफिसच्या लोकलमध्ये ऐरोली ते ठाणे एक माळ होते. मोजून बघा.

चुलतभावाच्या त्या उत्तराचं राहिलं. चार दिवसांनी त्याला एका अनोळखी ताईंचा निरोप आला, डोंबिवलीच्या. त्यांनी त्या भांडणात एक अक्षरही लिहिलं नव्हतं, नुसतं वाचलं होतं. त्यांच्या सासऱ्यांनी यंदाची मूर्ती आधीच सांगून ठेवलीय, पीओपीची, एक फुटाची. वय झालंय, त्यांना आता बदल सांगायचा तर वाईट वाटेल. पण नदीत, खाडीत टाकायची नाही हे मनाने घेतलंय. "तुम्ही स्वतः मूर्ती करता म्हणून तुम्हालाच विचारते, घरी काय करता येईल?"

पोराने मला फोन केला, रात्री साडेअकराला. आवाजच वेगळा. "दादा, काय सांगू यांना?"

मग आम्ही नीट शोधून लिहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर पद्धत काढली आहे, पुणे महापालिकेने ती लोकांपर्यंत नेली आहे. अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात मिसळायचं आणि त्यात मूर्ती ठेवायची. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम (त्यालाही बिचाऱ्याला आधी तप करावंच लागतं). या पाण्यात त्याचं रूपांतर होतं अमोनियम सल्फेटमध्ये, जे खत म्हणून वापरतात, आणि खाली चुनखडीची भुकटी बसते. मोठी बादली घ्या, मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, पावडर साधारण मूर्तीच्या वजनाइतकी, दिवसातून दोनतीनदा ढवळा, दोन दिवस तरी द्या. अमोनियाचा वास येतो, म्हणून बाल्कनीत ठेवा, बंद बाथरूममध्ये नको. हार, कापड, दागिने आधी काढून घ्या. पाणी पातळ करूनच झाडांना घाला. आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय काही करू नका, हे चुलतभावाने स्वतःच्या मनाने खाली लिहिलं.

त्याखाली आणखी एक ओळ होती, तीही त्याचीच: "सासऱ्यांना पुढच्या वर्षी आमच्याकडे घेऊन या, शाडूची करून दाखवतो."

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. वाचताना एक बघून ठेवा: मौन हा शब्द भगवंतांनी आजच्या, वाणीच्या यादीत ठेवलेला नाही. तो उद्याच्या यादीत आहे, मनाच्या. का, ते उद्या बघू.

राम कृष्ण हरी. गणपती बाप्पा मोरया.